एकशे अठरा नंबरची बाटली

बावीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला खिडकीवाल्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलेलं नव्हतं. ते त्यांच्या कपाटातल्या सगळ्यात जाड शब्दकोशात होतं, आणि पत्र आत ठेवल्यापासून त्यांनी तो शब्दकोश उघडला नव्हता. एखाद्या शब्दावर अडलं तर ते शेजारचा लहान कोश काढत. त्यातही शब्द नसला तर अर्थावाचून पुढे जात. पत्र मात्र त्यांना तोंडपाठ होतं.

‘खिडकीवाले काकांना नमस्कार. माझे बाबा तुमच्याकडे एकशे अठरा नंबर होते. गेल्या महिन्यात ते गेले. फुप्फुसाचा कॅन्सर. तुमच्या ऑफिसचं पत्र आलं की बाबांना रिकाम्या गोळ्या मिळत होत्या. पण बाबांचे तळहात पिवळे झाले होते. मला दाखवून म्हणायचे, ही खिडकीवाल्यांची कृपा. रोज सकाळी दुधाबरोबर ती गोळी मीच त्यांना देत होते. शेवटी शेवटी ते नको म्हणायचे, तर मी रागावून द्यायचे. आता पेपरात आलंय की खऱ्या गोळीनं सिगारेट ओढणाऱ्यांचं वाईटच झालं. काका, बाटल्या तुम्ही भरत होतात. ऑफिस म्हणतं ते खरं, की बाबांचे हात म्हणत होते ते?’

तिथे पान संपत होतं.

उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. बसले होते, पण मायना ठरेना. ‘सप्रेम’ लिहावं तर प्रेम कुठून आणणार? ‘आदरणीय’ लिहावं तर मुलगी वयाने लहान. पहिल्या ओळीवरच दहा-बारा कागद गेले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. आपण भित्रे आहोत हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्या दिवशी फक्त पुरावा मिळाला.

मग यंदा, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांचे स्वतःचे तळहात पिवळे झाले.

पहिल्यांदा ते ताईने पाहिलं. ताई त्यांची थोरली बहीण, ऐंशी वर्षांची, शाळेत शिक्षिका होती. दोघंही एकटी उरल्यावर एका घरात राहायला आली होती. सकाळी चहाचा कप पुढे करताना ती थबकली.

“बाळ, हात उघड बघू. अरे, रंगाऱ्याकडे कामाला लागलास की काय?”

खिडकीवाल्यांनी हात उघडला आणि लगेच मिटला. कप तसाच राहिला.

डॉक्टर तरुण होती. तिने त्यांच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. “डोळे पांढरे स्वच्छ आहेत. कावीळ नाही. आजी, यांना गाजर, भोपळा किती देता?”

“किती म्हणजे? दात नाहीत त्याला. सकाळी गाजर उकडून, संध्याकाळी भोपळा उकडून. दुसरं काही दिलं की तोंड वाकडं करतो.”

“मग त्याचाच रंग उतरलाय हातात. कॅरोटीन. गाजराला जो रंग असतो ना, तोच. काही अपाय नाही. जरा कमी करा, दोन महिन्यांत हात पहिल्यासारखे होतील.”

“आणि गोळीतून घेतलं तर?” खिडकीवाल्यांनी विचारलं. इतका वेळ ते बोललेच नव्हते, म्हणून दोघीही त्यांच्याकडे बघायला लागल्या.

“कशाला गोळी? जेवणातून मिळतंय की. आणि तुम्ही सिगारेट ओढत नाही ना? ओढणाऱ्यांना तर ती गोळी आम्ही मुळीच देत नाही.” डॉक्टर हसली. “आजोबा, भोपळा हा भोपळा आहे. घाबरू नका.”

पण घाबरण्याचं कारण भोपळा नव्हता. हा हात त्यांनी पूर्वी पाहिलेला होता.

ती नोकरी एका रुग्णालयाच्या मागच्या बैठ्या इमारतीत होती. गाजर, भोपळा, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्या माणसांमध्ये कॅन्सर कमी दिसतो, असं तेव्हा बऱ्याच ठिकाणी आढळलं होतं. मग भाजीतलं ते नारिंगी द्रव्यच काढून गोळीत भरलं आणि रोज दिलं, तर सिगारेट ओढणारी माणसं वाचतील का, हे तपासायचं ठरलं. शेकडो माणसं पुढे आली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी. कुणाला कुठली, हे घेणाऱ्याला माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. यादी एका कुलपात. किल्ली बाटल्या भरणाऱ्या औषधवाल्याकडे, म्हणजे यांच्याकडे.

भिंतीला एक खिडकी होती. सुताराने तोंडासमोर येईल अशी ठेवली होती; यांनी हातापाया पडून ती वीतभर खाली करून घेतली. कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडे. त्या खिडकीतून फक्त हात आत येत. दर तीन महिन्यांनी एक हात जुनी बाटली ठेवी, हे उरलेल्या गोळ्या मोजत, नवी बाटली सरकवत. चेहरे त्यांना एकही आठवत नसे. हात सगळे ओळखू येत. लोक त्यांना खिडकीवाले म्हणायला लागले, आणि ते नाव त्यांना स्वतःच्या नावापेक्षा बरं वाटे.

एकशे अठरा नंबरचा हात प्रेसमधल्या कंपॉझिटरचा होता. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे उचलून उचलून अंगठा चपटा झालेला, नखांत शाई. पहिल्याच भेटीत त्या हाताने बाटलीबरोबर छापील कागदांची चळत आत ठेवली.

“पुस्तक अजून बाजारात यायचंय. तुम्ही वाचता म्हणे. चुका सापडल्या तर खूण करा, मालकाला माझ्या नावावर सांगतो.”

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी कागद आत येत आणि खुणा केलेले बाहेर जात. सगळ्या जगात अजून कुणी न वाचलेलं पुस्तक! एवढं त्यांना आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं गप्पा मारत, आणि भिंत मधे असल्यामुळे खिडकीवाल्यांना चक्क विनोद सुचत.

एकदा हात आला आणि टेबलावर उताणा पडून राहिला.

“बघा,” कंपॉझिटर म्हणाला. “माझ्या शेजारी बसतो ना, एकशे बारा नंबर, त्याचे हात भोपळ्यासारखे झालेत. माझे बघा. जन्मले तसेच. मला खोटी बाटली आलीय.”

“मला सांगता येत नाही.”

“सांगू नका. खोटी असेल तर नुसते खोका. खोकल्याला काय नियम आहे?”

खिडकीवाले खोकले नाहीत. त्यांनी श्वासच रोखून धरला.

“झालं, कळलं,” कंपॉझिटर हसला. “खरी असती तर तुम्ही श्वास घेतला असतात.” मग हसणं थांबलं. “माझी बायको नाही हो. पोरगी दहावीत आहे, पोरगा तिच्याहून लहान. सिगारेट सुटत नाही, दहादा सोडून पाहिली. म्हटलं ही गोळी तरी माझ्या बाजूनं उभी राहील.”

त्यानंतरच्या वेळी एकशे अठराची बाटली भरताना खिडकीवाल्यांनी डावीकडच्या डब्याऐवजी उजवीकडचा डबा उघडला. पाच मिनिटांचं काम. चिठ्ठी तीच, नंबर तोच, यादीत एक अक्षर बदललं नाही. आयुष्यभर नियमाबाहेर पाऊल न टाकलेल्या माणसाने एकदाच टाकलं, आणि ते एका दोस्तासाठी टाकलं म्हणून त्या दिवशी घरी जाताना त्यांनी स्वतःशीच शीळ घातली होती. ती शीळ त्यांना अजून ऐकू येई.

तीन महिन्यांनी हात खिडकीतून आत आला, उलटा झाला आणि पाचही बोटं ताठ पसरली. रेषारेषांत पिवळा रंग. “कृपा,” भिंतीपलीकडून आवाज आला. खिडकीवाल्यांनी नवी बाटली सरकवली.

तीन वर्षं हे चाललं. शेवटच्या खेपेला कंपॉझिटर फार खोकत होता. खिडकीवाल्यांना वाटलं, याला पुन्हा पुन्हा हेलपाटा नको. त्यांनी एका बाटलीऐवजी तीन दिल्या. मग एका दुपारी मोठे डॉक्टर स्वतः त्या खोलीत आले आणि खुर्ची असूनही उभेच राहिले.

“आजपासून एकही बाटली बाहेर जाणार नाही. खरी गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर जास्त निघालाय. कमी नाही, जास्त. दुसऱ्या ठिकाणांहूनही तेच येतंय.” ते थोडा वेळ डब्यांकडे बघत राहिले. “आपण चांगलंच करत होतो हो.”

पुढे कंपॉझिटर गेला. ऑफिसने यादी पाहून त्याचा मृत्यू रिकाम्या गोळ्यांच्या रकान्यात लिहिला. म्हणजे तो मेलाही चुकीच्या बाजूला. खिडकीवाल्यांनी तो रकाना पाहिला, आणि तिथेही ते खोकले नाहीत.

तेव्हापासून तो हात त्यांना दिसे. अंधारात नव्हे, स्वप्नातही नव्हे, लख्ख उजेडात. वाचनालयात पुस्तक काढलं की मागच्या रिकाम्या फटीत उताणा पडलेला. तिकिटाच्या खिडकीत, सुटे पैसे परत करताना. ताईच्या पाठमोऱ्या खांद्यावर एकदा. त्याने कधी काही मागितलं नाही. तो नुसता उघडा असे, काहीतरी ठेवलं जाण्याची वाट बघत. आणि आता तो त्यांच्या मनगटाला येऊन चिकटला होता. ते जेवायला बसत तेव्हा तो ताटात उतरे. तोंड धुताना तो चेहऱ्याकडे येई, म्हणून त्यांनी टॉवेल ओला करून तोंड पुसायला सुरुवात केली.

आठ दिवस ताईने पाहिलं. नवव्या दिवशी तिने त्यांच्यासमोरचं ताट उचललं.

“गाजर बंद केलं, भोपळा बंद केला, तरी तू चमच्यानं भाकरी खातोस. काय झालंय? आणि ‘काही नाही’ म्हणालास तर मी शेजाऱ्यांना बोलावीन, त्यांच्यासमोर विचारीन.”

ही धमकी लागू पडली. शेजाऱ्यांपुढे बोलण्यापेक्षा बहिणीपुढे बोललेलं बरं. त्यांनी टेबलाच्या लाकडाकडे बघत सगळं सांगितलं, अगदी शिळेसकट.

ताईने उचललेलं ताट पुन्हा त्यांच्यासमोर ठेवलं. मग म्हणाली, “बावीस वर्षं हे घेऊन माझ्यासमोर जेवत होतास?”

“हो.”

“आणि मला वाटायचं, तुला माझ्या हातचं आवडत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मसुदा करून तिला दाखवला. ‘आपल्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाला, क्षमस्व. कार्यालयाच्या नोंदीनुसार आपल्या वडिलांना रिकाम्या गोळ्या देण्यात येत होत्या.’

“यात खोटं काहीच नाही,” ते म्हणाले. “नोंद तशीच आहे.”

“शाळेत असलं उत्तर लिहिणारी पोरं मी ओळखायचे. प्रश्न सोडून बाकी सगळं बरोबर.” ताईने चष्मा काढला. “पण पाठव. मी शिक्षिका म्हणून नाही सांगत, बाईमाणूस म्हणून सांगते. त्या मुलीनं रागावून बापाच्या तोंडात गोळी घातली. रिकामी होती म्हणालास तर ती आज तरी शांत झोपेल. खरी होती म्हणालास तर उरलेलं आयुष्य तिचा हात तिच्याच मागे लागेल. तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिनं का ओझं उचलायचं?”

हे ऐकून त्यांना वाईट वाटायला हवं होतं. उलट एक प्रकारचा आनंदच झाला, आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटली. आता फक्त पत्ता हवा होता. त्यांनी खुर्चीवर चढून जाड शब्दकोश खाली काढला. पानं एकमेकांना चिकटली होती. पत्र निघालं. ते त्यांनी न उघडताच ताईपुढे केलं. “पत्ता शेवटी असेल. तू वाच.”

ताईने पत्र हातात घेतलं आणि आधी ते उलटं करून पाहिलं. चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या हाताची ती सवय होती. मागे काही लिहिलेलं सुटायला नको.

“बाळ,” ती म्हणाली. “मागे लिहिलंय.”

“काय?”

“तू मागची बाजू वाचलीच नाहीस?”

गोळ्या दोनदा मोजणारा माणूस! एकशे अठराच्या बाटलीतली एक गोळी कमी असती तर त्याने खोली झाडून काढली असती. पण त्या दिवशी तो प्रश्न वाचला आणि पान उलटण्याआधीच त्याने कागदाची घडी घातली होती. पुढे सगळं पाठ असल्यामुळे कागद पुन्हा बघायची गरजच पडली नाही.

ताईने वाचलं. आवाज वर्गातल्यासारखा सपाट ठेवला, तरी मधे एकदा थांबली.

‘अजून एक. तुम्ही शेवटी तीन बाटल्या दिल्या होत्या, त्यातल्या दोन घरात आहेत. भाऊ आता प्रेसमध्ये लागलाय, तोही सिगारेट ओढतो. तो म्हणतो, ऑफिसनं लिहिलंय की गोळ्या रिकाम्या आहेत, मग बाबांची आठवण म्हणून रोज एक घेतो. मी लपवल्या तर शोधून काढतो. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. बाबा तुमचं फार सांगायचे. खऱ्या असतील तर एक ओळ लिहा, मी त्या मोरीत ओतते. रिकाम्या असतील तर असू दे, त्याला बरं वाटतं. घाई आहे. एक ओळ पुरे.’

खाली पत्ता होता.

खिडकीवाले खुर्चीवर बसले, आणि बसल्यावर त्यांना कळलं की आपण इतका वेळ उभे होतो.

“दोन बाटल्या,” ते म्हणाले. “शंभर-शंभर. दोनशे दिवस.”

“दोनशे दिवसांनी काय होतं?”

“माहीत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं मोजलं होतं. दोनशे दिवसांचं कुणी मोजलेलं नाही. कदाचित काहीच होत नसेल.” त्यांनी पत्र आपल्याकडे ओढलं. “त्या दोन बाटल्यासुद्धा मी प्रेमानंच दिल्या होत्या, ताई.”

ताईने सकाळचा मसुदा टेबलावरून उचलला आणि चार घड्या घालून आपल्या पिशवीत टाकला. “मी चुकले. हे पाठवू नकोस. ती स्वतःच्या झोपेसाठी विचारत नव्हती.”

“आता बावीस वर्षांनी काय उपयोग?”

“ते तिला ठरवू दे. भाऊ असेल तर त्याच्या डॉक्टरला कळायला हवं, काय पोटात गेलंय ते. नसेल तर तिला कळायला हवं की चूक तिची नव्हती, तिनं वेळेवर विचारलं होतं, आणि गप्प कोण बसलं.” मग जरा मऊ होऊन म्हणाली, “लिही. मायना मी सांगते. ‘मुली’ लिही. तुझ्या मित्राची मुलगी आहे ना? झालं तर.”

त्यांनी लिहिलं. पिवळ्या हाताने पेन धरलं आणि या वेळी हात लपवला नाही. लिहायला तोच एक होता.

‘मुली,
तुझ्या वडिलांच्या हातांचं म्हणणं खरं होतं. ऑफिसचं खोटं. ऑफिसने मुद्दाम खोटं सांगितलं नाही. यादीत रिकामी गोळी लिहिली होती आणि बाटलीत खरी मी भरत होतो. तीन वर्षं. ते मला तुझ्याबद्दल बोलले म्हणून भरली. तेव्हा मला वाटत होतं की खरी गोळी देणं म्हणजे उपकार.

त्या गोळीनेच ते गेले का, हे मी सांगू शकत नाही आणि कुणीही सांगू शकणार नाही. ते तीस वर्षं सिगारेट ओढत होते. गोळी घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना काही झालं नाही आणि न घेणाऱ्यांपैकी काहींना झालं. पण त्यांचा धोका मी वाढवला, हे नक्की. तू त्यांना दिलीस ती मी पाठवलेली वस्तू होती. तुला त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तू रागावलीस ते ते जगावेत म्हणून. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तो माझा आहे आणि मला तो कुणाला द्यायचा नाही.

तुझ्या पत्राची मागची बाजू मी आज वाचली. आज. याला काही सबब नाही. घरातल्या दोन्ही बाटल्या खऱ्या होत्या. भाऊ कसा आहे हे विचारायचा हक्क मला नाही, तरी विचारतो. तो असेल आणि अजून ओढत असेल तर त्याने थांबावं, आणि डॉक्टरांना या गोळ्यांचं सांगून छाती तपासून घ्यावी. डॉक्टरांना कागद लागला तर हे पत्र दाखव, मी खाली सही करतो. त्या अभ्यासाच्या ऑफिसलाही मी आज वेगळं लिहीत आहे, की एकशे अठरा नंबर चुकीच्या रकान्यात आहे.

तुला येऊन बोलायचं असेल तर ये. मी दार उघडीन.’

खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं, म्हणून जरा वेडंवाकडं आलं.

पत्र पेटीत टाकायचं नाही, असं ताईने बजावलं. “तू पेटीपर्यंत जाशील आणि पेटीशी गप्पा मारून परत येशील. मी येते. रजिस्टर करायचं.”

पोस्टात दुपारची गर्दी होती. काउंटरवरच्या बाईने दोन्ही पाकिटं वजन करून घेतली. “काका, हा पत्ता जुना दिसतोय. माणसं तिथे नसतील तर परत येईल हं.”

“परत आलं तर प्रेसमध्ये विचारीन,” खिडकीवाले म्हणाले. “प्रेस बंद झाली असेल तर शेजारपाजारी विचारीन.” बाईच्या चेहऱ्याकडे बघून बोलताना त्यांच्या घशाला कोरड पडली, पण वाक्य पुरं झालं.

“फोन नंबर लिहा इथे. पाठवणाऱ्याचा.”

त्यांनी लिहिला. बाईने शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकिटं मागच्या पिशवीत टाकली. बाकावरून ताई उठायला लागली होती, गुडघ्यावर हात ठेवून.

“झालं काका, गेलं,” बाई म्हणाली. “पुढे कोण?”

खिडकीवाले बाजूला सरले आणि मागच्या माणसाला त्यांनी जागा करून दिली.